पाच बाय चारची समानता

घाबरायला मला कारण लागत नाही. फोन वाजला की मी आधी घाबरतो, मग कुणाचा आहे ते बघतो. बँकेकडून 'अभिनंदन' असा मेसेज आला तरी मी आधी पासबुक काढून शिल्लक बघतो. माझी बायको नीरजा शाळेत शिकवते. ती म्हणते, "अहो, पहिलीतली पोरंसुद्धा आठवडाभराने रडायची थांबतात." मी काही थांबलेलो नाही. वय एकोणपन्नास. अशा माणसावर एका मुलीसाठी एक संडास बांधायची जबाबदारी आली आणि त्याचं काय झालं, ते आता सांगतो. हसायचं असेल तर हसा. घरी सगळे हसून झालेत.

गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना आहे. एकशे चाळीस माणसं, सगळे पुरुष. तिथे मी चोवीस वर्षं टाइम ऑफिसात होतो, म्हणजे कोण किती वाजता आला ते लिहून घ्यायचो. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या टेबलावर नवी पाटी दिसली: एच. आर. मॅनेजर. काम तेच राहिलं. फक्त आता कुणी उशिरा आला तर त्याच्या भावनाही समजून घ्याव्या लागतात. आमच्या मालकांचं नाव प्रतापसिंह. दरबार घराण्यातले, म्हणजे राजपूत, म्हणून सगळा कारखाना त्यांना 'बापू' म्हणतो. माणूस दिलदार आहे. आवाज मात्र असा, की नुसतं 'केम छो, हेरंबभाई' म्हणाले तरी मला राजीनामा द्यावासा वाटतो.

गेल्या जूनमध्ये मी अवनीला क्वालिटी विभागात घेतलं. एकवीस वर्षांची, मेकॅनिकलचा डिप्लोमा, वडील रेल्वेत. मुलाखतीत आम्ही तिच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि एक तुकडा मोजायला सांगितला. तिने तो मोजला आणि म्हणाली, "सर, माप बरोबर आहे, पण तुमचा मायक्रोमीटरच दोन शतांशाने चुकतोय." चार वर्षं त्याच मायक्रोमीटरवर आम्ही माल पाठवत होतो. बापू खूश झाले आणि मी आदल्या चार वर्षांच्या मालासाठी घाबरलो. तिची आई, पद्माताई, बाहेर बाकावर बसली होती. तिला मी सांगितलं, "ताई, अजिबात काळजी करू नका. अगदी घरच्यासारखं आहे."

पहिल्या दिवशी अकरा वाजता अवनी माझ्या टेबलाशी आली. "सर, लेडीज टॉयलेट कुठे आहे?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "बघतो हं." जसं काही ते कुठेतरी ठेवलं होतं आणि सापडत नव्हतं.

तात्पुरती सोय म्हणून मी पलीकडच्या पॅकिंगच्या युनिटशी बोललो. तिथे बायका कामाला होत्या. त्यांची काही हरकत नव्हती, पण त्यांच्या गेटवर एक रजिस्टर होतं: नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचं, कामाचं स्वरूप. पहिल्या दिवशी अवनीने पेन हातात घेऊन बराच विचार केला आणि 'कामाचं स्वरूप' या रकान्यात लिहिलं, 'मीटिंग'. मग रोज दोनदा मीटिंग. पंधरा दिवसांनी त्यांचा वॉचमन मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "साहेब, तुमच्या मॅडम चार मिनिटांत मीटिंग उरकतात. आमच्या साहेबांना जरा शिकवा ना."

ऑगस्टमध्ये ते युनिट हालोलला गेलं आणि मीटिंगा बंद पडल्या. त्यानंतर अवनी स्कूटी काढून पेट्रोल पंपावर जायला लागली. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. सुपरवायझर घड्याळ बघायचे. मग तिने पंपावर जाणं सोडलं आणि पाणी पिणंही सोडलं. हे मला कळलं होतं का? कळलं होतं. तिची स्टीलची बाटली सकाळी जशी भरलेली असायची तशीच संध्याकाळी परत जायची, आणि माझं टेबल गेटजवळच आहे. पण बापूंसमोर जाऊन 'संडास' हा शब्द उच्चारायचा, या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी रोज ठरवायचो की उद्या बोलू.

सप्टेंबरमध्ये आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची ऑडिटर पुण्याहून आली. मनाली मॅडम. वय तिशीचं, हातात टॅब, चेहऱ्यावर काहीही नाही. मला अशाच माणसांची सर्वांत जास्त भीती वाटते. त्यांनी भट्टी पाहिली, मशीन शॉप पाहिलं, आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा पाहिल्या, आणि शेवटी विचारलं, "महिला कर्मचारी आहेत ना? मग त्यांचं स्वतंत्र टॉयलेट दाखवा."

मी म्हणालो, "बघतो हं."

मनाली मॅडमनी टॅबवर दोन अक्षरं लिहिली: एन. सी. म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे तुमच्याकडे खोट आहे. नव्वद दिवसांत सुधारा, नाहीतर पुढची ऑर्डर थांबेल. त्यांनी मेलवर एक फॉर्म पाठवला. बापूंनी तो वाचला आणि टेबलावर हात मारला. "अरे, एमां शुं! पाच बाय चारची खोली. आठ दिवसांत थई जशे. हेरंबभाई, तमे करो."

मला वाटलं, सुटलो. त्या क्षणी मला तकतीचा विसर पडला होता.

आमच्या कारखान्यात तकतीशिवाय वीटसुद्धा लागत नाही. तकती म्हणजे कोनशिलेची पाटी. बापूंच्या वडिलांपासूनची रीत आहे: आधी नाव ठरतं, मग तकती कोरून येते, मग खातमुहूर्त म्हणजे पायाभरणीची पूजा, मग गवंडी. सायकल स्टँडला तकती आहे. वजनकाट्याला आहे. पाण्याच्या कूलरच्या वर संगमरवराची तकती आहे आणि कूलर तिच्यापेक्षा लहान आहे. बापू म्हणाले, "पण हेरंबभाई, तकतीवर 'संडास' थोडंच लिहिणार? लोक हसतील." शिवाय त्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना होता: 'लिंगसमानतेसाठीच्या उपक्रमाचे नाव'. बापूंचे डोळे चमकले. "जुओ! त्यांनाही नाव पाहिजे. काहीतरी मॉडर्न शोधा. मोटुं, एकदम मोठं."

संध्याकाळी समा भागातल्या आमच्या फ्लॅटवर पोचलो तेव्हा शेजारचे जगदेवराव आमच्याकडे चहाला बसले होते. त्यांचे आजोबा संस्थानाच्या नोकरीत होते. त्यामुळे जगदेवराव आजही कोणत्याही विषयावर हुकूम काढल्यासारखं मत देतात. मी सगळं सांगितलं आणि नाव सुचवा म्हणालो.

माझी मुलगी ओवी कॉलेजात आहे. ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "स्त्रीवाद. बाबा, सरळ लिही ना, स्त्रीवादी उपक्रम."

माझ्या हातातला कप बशीत वाजला. मी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं नाही ना म्हणून.

"बाबा, तू काय बॉम्बचं नाव ऐकलंस का?"

नीरजा म्हणाली, "ओवी, तुझं बरोबर असेलही, पण त्या शब्दाने माणसं दचकतात. शाळेत मी बघते ना. मुलींना फुटबॉल द्या म्हटलं की हेडमास्तर देतात. हे स्त्रीवादाने द्या म्हटलं की समिती नेमतात. समानता म्हणा. काम झाल्याशी मतलब."

"पण आई, संडास नाही कुणाला? बाबाच्या कंपनीत पुरुषांना आहे ना? ज्यांना नाही त्यांचं नाव घ्यायचं नाही, हा कुठला न्याय? तू डॉक्टरकडे जाऊन म्हणतेस का, सगळं शरीर समान आहे, सगळ्यावर औषध द्या? कुठे दुखतंय ते सांगतेसच ना?"

"सांगते. पण ते ऐकून डॉक्टरच पळाला तर औषध कोण देणार?"

दोघींचंही मला पटलं. मला नेहमी सगळ्यांचंच पटतं, त्यामुळे आमच्या घरात माझं मत कुणी विचारत नाही. जगदेवरावांनी चहा संपवला आणि निकाल दिला. "दोन्ही चूक. स्त्री काय, पुरुष काय, शेवटी माणूस. मानवतावाद लिहा." आणि जाताना दारात थांबून हळूच म्हणाले, "हेरंबराव, तुम्ही त्या पहिल्या शब्दाच्या भानगडीत पडू नका. आमच्या मेहुण्यांच्या ऑफिसात एकाने तो शब्द वापरला, त्याची बदली झाली." कुठे झाली, का झाली, ते त्यांनी सांगितलं नाही. मी सगळ्या शक्यता मनातल्या मनात स्वतःच तपासून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही नावं एका कागदावर लिहून बापूंपुढे ठेवली. ओवीच्या धाकाने तिचं नाव पहिलं लिहिलं होतं. बापूंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि केबिनचं दार लावून घ्यायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हेरंबभाई, साची वात कहूं? आ शब्दनी मने बीक लागे छे." बीक म्हणजे भीती. बापू घाबरलेले मी प्रथमच बघत होतो. ते म्हणाले, "आज ही संडास मागेल. उद्या डायरेक्टर व्हायला मागेल. माझी स्वतःची मुलगी अमेरिकेतून फोनवर हेच बोलते, की बापू, फॅक्टरी भाईलाच का? मी फोन ठेवतो." खरं सांगतो, मला त्यांच्याबद्दल थोडी आपुलकी वाटली. भित्र्याला भित्रा भेटला की धीर येतो.

धीर आला, नाव नाही आलं. बापूंना स्वतःच एक सुचलं: 'नारी शक्ती सदन'. ते ऐकायला भारदस्त होतं, म्हणून अलकापुरीतल्या एका आर्किटेक्टला बोलावलं. त्याने शक्ती म्हटल्यावर दारावर देवीची टाइल काढली आणि समोर तुळस. नकाशा सुंदर होता. खातमुहूर्ताला पूजा सांगणारे महाराज आले, त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, "आत काय आहे?" मी त्यांच्या कानात सांगितलं. महाराज उठून उभेच राहिले. देवीच्या आणि तुळशीच्या पाठीमागे हे? मग जागा बदलायची म्हणून वास्तुवाल्याला बोलावलं. त्याने बोट दाखवलं ते थेट भट्टीवर. यात तीन आठवडे गेले, आणि आम्ही देवीची माफी मागून ते नाव सोडलं.

मग जगदेवरावांचा मानवतावाद. बापूंना तो आवडला, कारण त्यात कुणी दुखावलं जात नव्हतं. पण माणूस म्हटल्यावर पाहुणेही माणसंच. तेव्हा नकाशात पाहुण्यांची वॉशरूम आली, तिच्यात सोफा आला, सोफ्यासमोर टीपॉय आला. या सगळ्यात बायकांची खोली कोपऱ्यात सरकत सरकत एका आवृत्तीत नकाशावरून पडलीच. मी आर्किटेक्टला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "ओह! ॲड करी दऊं."

शेवटी नीरजाची समानता. बापू म्हणाले, "बस. आ नक्की." तकतीचं पितळ कोरायला गेलं आणि मी निःश्वास टाकला. त्याच दुपारी हार्दिक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हा आमचा टर्नर आणि कामगारांचा प्रतिनिधी. चांगला मुलगा, पण माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवून बोलतो.

"साहेब, समानता येते म्हणे."

"हो."

"मग आमचंही बघा ना. आमच्या संडासाचं छप्पर गळतं. पावसाळ्यात आम्ही छत्री घेऊन बसतो. समान म्हणजे सगळ्यांना समान. नवीन फक्त एकीला, जुनं एकशे चाळिसांना, ही कुठली समानता?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. छत्री मी स्वतः नेलेली आहे. मला संपाची स्वप्नं पडायला लागली. बापूंना सांगितलं, तेही विचारात पडले, आणि नवा नकाशा आला: सगळ्यांसाठी एकच, सामायिक. वर 'समानता', त्यामुळे दारावर बाई नाही, पुरुष नाही, कोणतंच चित्र नाही. मी म्हणालो, "बापू, ऑडिटवाल्या मॅडमनी 'स्वतंत्र' म्हटलंय." बापू म्हणाले, "स्वतंत्र एटले शुं? स्वतंत्रच आहे. एकटीच इमारत आहे, कशालाही चिकटलेली नाही." मला त्यावेळी बोलायला हवं होतं. मी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी अवनी ग्रॅनाइटच्या टेबलापाशी व्हॉल्व्हचं माप घेता घेता खाली बसली. मला वाटलं काही पडलं असेल. मग कुणीतरी ओरडलं. मी धावलो तेव्हा तिचं अंग तापाने फणफणलं होतं आणि ती कमरेला हात धरून म्हणत होती, "सर, काही नाही, बरी आहे." मी आणि हार्दिकने तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. लघवीचा संसर्ग होता, मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "ही पाणी पीत नाही का? दिवस दिवस दाबून ठेवते का? असं आणखी चाललं तर कायमचं नुकसान होईल." आयुष्यभर मी ज्याला भीती म्हणत होतो ती भीतीच नव्हती, ती नुसती सवय होती. भीती ही होती. रुमाल काढायला मी हात खिशात घातला. खिशात तो नकाशा होता.

पद्माताई आल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पाच महिने झाले ना? तुमच्या घरी पाच महिने असं चाललं असतं का?"

त्याच म्हणाल्या, "हिचे बाबा म्हणतात नोकरी सोड. ही ऐकत नाही. म्हणते, मी सोडली तर ते म्हणतील, बघा, मुलींना जमत नाही, आणि पुढे कुणाला घेणार नाहीत. शेवटी मी तिला कबूल करायला लावलं. ते तुमचं बांधून होईल त्या दिवशी ती येईल. त्या दिवशी नीट सोय दिसली तर राहील. नाही दिसली तर कागद देऊन परत येईल. मग मला फोन करू नका."

घरी आलो. ओवीने मला काही टोमणा मारला नाही. जेवताना मीच तिला म्हणालो, "तू बरोबर होतीस बहुतेक." ती म्हणाली, "बाबा, बरोबर असून काय उपयोग? तिला संडास मिळाला का?" नीरजा माझ्या ताटात आमटी वाढता वाढता थांबली. "मी समानता म्हणाले होते ते काम लवकर व्हावं म्हणून," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून तिची जागा बळकावावी म्हणून नाही. हे बापूंना तुम्ही सांगायला हवं होतं." सांगायला हवं होतं, हे मला ती सांगायच्या आधीपासून माहीत होतं.

त्यानंतर मी गवंड्याच्या मागे लागलो. पाहुण्यांचा सोफा गेला, टीपॉय गेला, आणि पंधरा दिवसांत पाच बाय चारची एक खोली उभी राहिली. दारावर मात्र कोणतंच चित्र नव्हतं, आणि ते बापूंना सांगायचं मी पुन्हा उद्यावर ठेवलं. शेवटचे दोन दिवस तकती बसवण्यात गेले. पितळेची, तीन फूट रुंद, चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू, वर 'समानता सुविधा केंद्र', खाली बापूंचं नाव, त्याखाली बापूंच्या वडिलांचं. आधी ती तिरकी बसली, मग सरळ, मग बापूंना वाटलं सरळ आहे ती तिरकी दिसते.

उद्घाटन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराला. फीत बांधली, नारळ आला, पेढे आले. मनाली मॅडम टॅब घेऊन आल्या. जगदेवरावांना त्यांच्या मानवतावादाच्या सन्मानार्थ बापूंनी बोलावलं होतं. अवनीही आली. बारीक झाली होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर तासाला पाणी पीत होती, आणि पर्समध्ये एक पांढरं पाकीट होतं ते मला दिसलं. त्यात काय होतं ते मला विचारावं लागलं नाही.

बापूंनी फीत कापली, भाषण केलं, स्त्री आणि पुरुष ही रथाची दोन चाकं असल्याचं सांगितलं. चाकं किती वेळ फिरली ते मला सांगता येत नाही, पण भाषण संपेस्तोवर सव्वाबारा झाले होते. मग टाळ्या झाल्या आणि बापू म्हणाले, "चालो, वापरो!"

आणि एकशे चाळीस माणसांची रांग लागली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय चुकलं? समानताच ती. नवी कोरी फरशी, पांढरं भांडं, छप्पर न गळणारं. पहिले जगदेवराव गेले, पाहुणे म्हणून. मग स्टोअरचे मुख्य आणि आणखी काही जण. मग हार्दिक रांगेत पुढे सरकला. आत गेलेला प्रत्येक जण आतून "चालू छे! चालू छे!" असं ओरडत होता. मला वाटलं, आनंदाने ओरडतायत. अवनी रांगेच्या शेवटी उभी होती. अकरापासून ती तीन ग्लास पाणी प्यायली होती. तिने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पर्स उघडली.

मनाली मॅडम बापूंना विचारत होत्या, "हे लेडीज आहे की कॉमन?"

"समान!" बापू म्हणाले.

एक सांगतो, मी नेहमी बापूंना घाबरतो ते काय होईल म्हणून, आणि त्या क्षणी काय होईल ते मला दिसत होतं. ती मुलगी पाकीट देईल, गेटमधून जाईल, आणि तिची आई माझा फोन उचलणार नाही. याच्यापुढे बापूंचा आवाज काहीच नव्हता. मी रांगेच्या पुढे गेलो. हार्दिक दाराला हात लावणार, तेवढ्यात मी मधे उभा राहिलो. माझा आवाज फाटला. "थांब रे. हे बायकांचं आहे. फक्त बायकांचं. तुमच्या छपराचं मी बघतो, पण ते वेगळं. अवनी, ये."

हार्दिकने हात मागे घेतला. अवनी रांगेच्या कडेने चालत आली, माझ्याकडे न बघता आत गेली आणि दार लोटलं. मी हुश्श करणार तोच आतून तिचा आवाज आला.

"सर?"

"काय गं?"

"आहात ना? जाऊ नका. आतून कडीच नाहीये. बसवलीच नाही."

तेव्हा मला ते 'चालू छे' कळलं: आत माणूस आहे, दार ढकलू नका. तीन महिने आम्ही नाव शोधलं, दोन दिवस चार पितळी स्क्रू सरळ केले, आणि एक कडी बसवायची कुणाला आठवण झाली नाही. मी दाराला पाठ लावली आणि टाचा रोवून उभा राहिलो. समोर अख्खा कारखाना. पेढ्यांचा बॉक्स हातात धरून जगदेवराव. टॅबवर बोट थांबवून मनाली मॅडम. आणि या सगळ्यांच्या पुढे येऊन, कमरेवर हात ठेवून, बापू.

बापूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हेरंबभाई," ते म्हणाले, आणि तो भयंकर शब्द त्यांनी इंग्रजीत उच्चारला, हळूच, "तमे... फेमिनिस्ट छो?"

माझ्या कपाळावरून घाम ओघळत नाकावर आला. पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांनी मी मागे दार धरलं होतं.

"असेन, बापू," मी म्हणालो. "पण त्यावर नंतर बोलू. आत्ता मला इथून हलता येणार नाही."